परगावचं छोटं वाचनालय, हाताशी एकच दिवस : नेमकं पुस्तक कसं सापडेल?

पानखूण
परगावच्या छोट्या सार्वजनिक वाचनालयात एखादं जुनं पुस्तक, स्मरणिका किंवा वर्तमानपत्राची बांधीव फाइल बघायला जायचंय आणि हाताशी एकच दिवस आहे, अशांसाठी हा धागा. सुरुवात करून देतो, जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे कान धरावा.

निघण्याआधी फोन करून चार गोष्टी विचारून घ्या. सदस्य नसलेल्याला आत बसून वाचू देतात का? देवघेव आणि वाचनकक्ष यांच्या वेळा एकच आहेत की वेगळ्या? जुनी पुस्तकं त्याच इमारतीत आहेत का? आणि त्या कपाटांची किल्ली ज्यांच्याकडे असते, ते त्या दिवशी येणार आहेत का? चौथा प्रश्न विसरला की पहिल्या तिन्हींची उत्तरं वाया जातात. वाचनालय उघडं, पुस्तक आत, आणि किल्ली रजेवर, हे फार नेहमीचं आहे.

‘अमुक पुस्तक आहे का तुमच्याकडे?’ असं फोनवर तोंडी विचारलंत तर ‘बघावं लागेल’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल, आवृत्ती असं एकाखाली एक लिहून आदल्या दिवशी पाठवा. यादी पाचेक पुस्तकांच्या पुढे नेऊ नका. वीस नावं पाठवली की ती यादी बाजूला पडते.

सोबत ओळखपत्र, शिसपेन्सिल, वही, खुणेसाठी साध्या कोऱ्या कागदाच्या पट्ट्या, आणि चार्ज केलेला फोन. जुन्या पुस्तकाशेजारी शाईचं पेन नको. चिकट कागदी खुणाही नकोत, त्यांचा गोंद पानावर राहतो आणि ठिसूळ पानाचा तुकडा घेऊनच त्या सुटतात.

तिथे पोचल्यावर आधी सूची (कार्डांवरची किंवा संगणकातली पुस्तकांची यादी), मग बोधांक उतरवून घेणं, आणि मग कपाट. बोधांक म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर लिहिलेला पत्ता. वरची ओळ विषयाची, खालची बहुधा लेखकाच्या आडनावाच्या पहिल्या अक्षरांची. थेट कपाटापुढे जाऊन पाठी वाचत सुटलं की दोन तास सहज जातात आणि मान दुखते ती वेगळीच.

कपाट_सातवं
बोधांकाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, गोंधळ तिथेच होतो.

पुष्कळ वाचनालयांत ड्युई दशांश वर्गीकरण असतं, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा देऊन पुस्तकं लावायची पद्धत. मेल्विल ड्युईने १८७६ साली ते छापलं तेव्हा अख्खी पुस्तिका ४४ पानांची होती. आता त्याचे जाडजूड खंड झालेत, पण छोट्या वाचनालयाला लागणारे आकडे मोजकेच. मराठी साहित्य ८९१.४६. पुढे १ लागला की कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी, ४ निबंध. म्हणजे कादंबऱ्या ८९१.४६३ ला. मराठी भाषा आणि व्याकरण मात्र ४९१.४६ ला, बरीच कपाटं अलीकडे. लोककथा ३९८ ला, भारताचा इतिहास ९५४ ला, महाराष्ट्राचा ९५४.७९२ ला.

हे आकडे दशांश आहेत, हे विसरलं की फसगत ठरलेली. ५११.१२ हे ५११.२ च्या आधी येतं. बारा दोनापेक्षा मोठे म्हणून पुढे शोधत राहिलात तर ते कधीच दिसणार नाही. टिंबानंतरचे अंक एकेक सुटे वाचा. त्याच न्यायाने मराठी साहित्याचा इतिहास (८९१.४६०९) मराठी कवितेच्या (८९१.४६१) आधी उभा असतो.

कपाट वाचायची दिशाही लक्षात ठेवा. एका कप्प्यात डावीकडून उजवीकडे, मग त्याच कपाटाचा खालचा कप्पा, तळ गाठला की शेजारच्या कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा. नवखी माणसं एकाच उंचीवरून तीन कपाटं ओलांडून जातात आणि क्रम मोडलाय अशी तक्रार करतात.

दाखलवही
वरचं सगळं बरोबर आहे, पण ते वर्गीकरण झालेल्या वाचनालयापुरतं. खूप छोट्या ठिकाणी ड्युई नावालाच असतो. तिथे पुस्तकं कथा, कादंबरी, नाटक, चरित्र, बालसाहित्य अशा ढोबळ गटांत, आणि गटाच्या आत दाखल क्रमांकाने लावलेली असतात. पाठीवर ‘का २१४५’ असं दिसलं तर का म्हणजे कादंबरी आणि २१४५ हा दाखल क्रमांक. अशा कपाटात एका लेखकाची पुस्तकं शेजारी-शेजारी सहसा सापडत नाहीत, कारण ती ज्या क्रमाने आली त्या क्रमाने उभी आहेत. तिथे लेखकाच्या नावाने कपाट चाळणं व्यर्थ.

अशा वेळी मागायची ती दाखल नोंदवही. प्रत्येक पुस्तकाची एक ओळ: तारीख, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल, पृष्ठं, किंमत, कुठून आलं, बिल क्रमांक, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. हा शेरा आवर्जून वाचा. ‘रद्द’, ‘गहाळ’, ‘बांधणीस’ असे शब्द तिथेच असतात. सूचीत कार्ड आहे, कपाटात पुस्तक नाही, आणि शेऱ्यात तीस वर्षांपूर्वीचं ‘रद्द’ लिहिलेलं, म्हणजे कार्ड काढायचं राहून गेलंय. पुढचे दोन तास वाचले.

नोंदवही तारखेवार असल्याने तिचा आणखी एक उपयोग आहे. पुस्तक १९६२ साली छापलं असेल तर १९६२ ते १९६५ ची पानं आधी बघा, नवं पुस्तक साधारण तेवढ्यात दाखल होतं. देणगीचं असेल तर मात्र कधीही येतं. अशा वेळी ‘कुठून आलं’ हा रकाना वरून खाली चाळा: एकाच देणगीदाराच्या नावाच्या चाळीस-पन्नास ओळी लागोपाठ दिसल्या की समजा कुणाचा तरी घरचा संग्रह एकदम आलाय. दुर्मीळ माल बहुधा अशाच पट्ट्यात असतो.

नवखा_वाचक
नोंदवही बाहेरच्या माणसाला दाखवतात का? ती कार्यालयीन असते ना?

दाखलवही
बरोबर, ती मालमत्तेची नोंद आहे, त्यामुळे हातात देतीलच असं नाही. टेबलाशी बसून, त्यांच्यासमोर बघू द्या असं म्हटलं तर सहसा अडचण येत नाही. नुसतं ‘रजिस्टर द्या’ म्हणू नका. ‘या दोन वर्षांतली देणगीची पानं बघायची आहेत’ असं नेमकं सांगा. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका, त्यात देणगीदारांची नावं-पत्ते असतात.

जोडाक्षर
संगणकीय सूची असेल तर आणखी सापळे आहेत. पुस्तक असूनही ‘काही सापडले नाही’ असं येण्याची बरीच कारणं निव्वळ अक्षरांची असतात.

‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टंकता येतं. एक स्वतंत्र चिन्ह, जे युनिकोडमध्ये (संगणकासाठी अक्षरांना ठरवून दिलेल्या क्रमांकांच्या यादीत) २००८ साली आलं. दुसरं म्हणजे अ लिहून त्यावर चंद्र. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. नोंद एका प्रकारे आणि तुमचा शोध दुसऱ्या प्रकारे, की निकाल शून्य. ‘सुऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांतल्या अर्ध्या र चंही तसंच, तोही दोन रीतींनी लिहिला जातो. अशा शब्दावर अडून बसू नका, शीर्षकातला दुसरा एखादा साधा शब्द टाका. एकच शब्द, जोडाक्षर नसलेला, विभक्ती न लागलेला. ‘इतिहासाची साधने’ शोधायचं तर नुसतं ‘साधने’.

ऱ्हस्व-दीर्घाचाही विचार करा. जुन्या पुस्तकांची नावं जुन्या लेखननियमांनी छापलेली असतात. नोंद करणाऱ्याने कधी मूळ ठेवलेलं असतं, कधी सुधारलेलं. ‘कवि’ आणि ‘कवी’, ‘नाहीं’ आणि ‘नाही’, दोन्ही करून पाहा. काही ठिकाणी मराठी शीर्षकं रोमन लिपीत भरलेली असतात, तिथे तर एका नावाची चार स्पेलिंगं होतात.

अकारविल्हे यादी चाळताना क्ष आणि ज्ञ. आपल्या वर्णमालेत ते शेवटी, ळ नंतर. संगणकासाठी क्ष म्हणजे क आणि ष यांचं जोडाक्षर, म्हणून तो यादीत क मध्ये घुसतो आणि ज्ञ जातो ज मध्ये. छापील सूचीत ‘ज्ञान’ने सुरू होणारी शीर्षकं शेवटच्या पानांवर मिळतील, संगणकात ‘जोग’नंतर कुठेतरी.

कपाट_सातवं
जोडाक्षर, आयएसबीएनचंही (पुस्तकावर छापलेल्या ओळख क्रमांकाचंही) लिहा की.

जोडाक्षर
हो, राहिलंच. १९७० च्या सुमाराआधीच्या पुस्तकावर तो क्रमांक नसतोच, शोधू नका. २००६ अखेरपर्यंत तो दहा अंकी होता, १ जानेवारी २००७ पासून तेरा अंकी. जुन्या पुस्तकावर दहा अंकी छापलेला आणि सूचीत तेरा अंकी भरलेला, असं झालं की शोध फसतो. नुसतं पुढे ९७८ लावून चालत नाही, शेवटचा तपासअंक बदलतो. रीत अशी: शेवटचा अंक सोडा, उरलेल्या नवांपुढे ९७८ लावा. आता बारा अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करा. पुढच्या दहाच्या पटीला जितके कमी पडतात तो तपासअंक, काहीच कमी पडत नसेल तर शून्य. उदाहरणार्थ ०३०६४०६१५२. बारा अंक ९७८०३०६४०६१५, बेरीज ९३, शंभराला सात कमी, म्हणून ९७८०३०६४०६१५७.

पाठकोरा
टोपणनावांबद्दल कुणीच लिहिलं नाही. राम गणेश गडकऱ्यांची नाटकं त्यांच्या नावावर, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने, विनोदी लेखन ‘बाळकराम’ या नावाने. एखाद्या वाचनालयात तिन्ही एकत्र असतात, एखाद्यात तीन नावांखाली विखुरलेले. कार्डसूचीत ‘पाहा’ असं लिहिलेलं कार्ड दिसलं तर ते वगळून पुढे जाऊ नका, नेमकं याचसाठी ते घातलेलं असतं.

नावांचं आणखी एक. सूचीत आडनाव आधी येतं, पण आडनाव न लावणारे, संत, संस्था आणि संपादित ग्रंथ यांचं काय करायचं हे प्रत्येकाने आपापलं ठरवलेलं असतं. गौरवग्रंथ संपादकाखाली नाही सापडला तर ज्याचा गौरव त्याच्या नावाखाली बघा, तिथेही नसेल तर थेट शीर्षकाखाली.

नवखा_वाचक
समजा बोधांक मिळाला, शेरा कोरा आहे, पुस्तक कुणी नेलेलंही नाही, तरी जागेवर नाही. मग?

कपाट_सातवं
मग ते आतच कुठेतरी आहे. मी या क्रमाने शोधेन:

आधी त्याच कप्प्यात रांगेच्या मागे. जाड पुस्तकांमध्ये बारीक पुस्तक आत ढकललं जातं आणि मागे पडतं. मग एक कप्पा वर, एक खाली. मग अंकांची उलटापालट: ८९१.४६३ ऐवजी ८९१.४३६ च्या जागी. हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळलेले असतात, आणि मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा, मराठी ४ हा इंग्रजी आठासारखा दिसतो. पुस्तक लावणाऱ्याने भलताच अंक वाचून ते भलतीकडे लावलेलं असू शकतं. चारच्या जागी आठ धरून त्या कपाटात डोकावून या.

तिथेही नसेल तर परत आलेल्या पुस्तकांचा ढीग, दुरुस्तीचा गठ्ठा, मोठ्या आकाराच्या पुस्तकांचा वेगळा कप्पा, आणि शोकेस. शोकेस सगळे विसरतात. कसलंसं प्रदर्शन होऊन गेलेलं असतं आणि चार पुस्तकं काचेमागेच राहून गेलेली असतात.

दाखलवही
आणि पाठीवरची चिठ्ठी गळून पडलेली पुस्तकं. ती बहुतेक ठिकाणी एका कोपऱ्यात साठवून ठेवतात. पुस्तक तेच आहे का हे ओळखायला शीर्षकपानाची मागची बाजू बघा, दाखल क्रमांक तिथे असतो. ते पान फाटलं असेल तर ‘गुप्त पान’: प्रत्येक वाचनालय आतलं एक ठरावीक पान निवडतं आणि प्रत्येक पुस्तकाच्या त्याच पानावर शिक्का नि क्रमांक घालतं. कोणतं पान ते विचारू नका, सांगणार नाहीत आणि सांगूही नये. त्यांनाच बघायला द्या.

‘कुणी नेलेलं नाही’ हे कशावरून म्हणताय, तेही बघा. जिथे अजून ब्राउन पद्धत आहे तिथे पुस्तकाचं कार्ड वाचकाच्या नावाच्या छोट्या पाकिटात घालून परतीच्या तारखेच्या ट्रेमध्ये ठेवतात. ट्रेमधली कार्डं तारखेने लावलेली असतात, पुस्तकाच्या नावाने नव्हे. ‘हे पुस्तक कुणाकडे आहे’ हे सांगायला त्यांना एकेक तारीख चाळावी लागते, त्यामुळे दोन मिनिटांत आलेल्या ‘बाहेर नाही’वर फार विसंबू नका. मुदत उलटून गेलेल्या तारखांचा गठ्ठा वेगळा असतो, तो बघायची विनंती करा.

वाळवीचा_वैरी
पुस्तक सापडलं की पुढचं नुकसान आपल्याच हातून होतं, म्हणून थोडं त्याबद्दल.

कपाटातून काढताना पाठीच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नका. जुन्या बांधणीचं कापड तिथेच फाटतं, मग पाठ लोंबते. शेजारची दोन पुस्तकं आत ढकला, मधलं पुस्तक कमरेशी धरा आणि सरळ बाहेर काढा. पुस्तकं घट्ट कोंबलेली असतील तर कर्मचाऱ्यांना बोलवा.

तपकिरी पडलेली, कडेला चुरा होणारी पानं म्हणजे लाकडाच्या लगद्याचा कागद. १८५० नंतर हा कागद पसरला आणि त्याला तुरटी-राळेचं खळ लावलेलं असे. त्यातलं आम्ल कागदाचे तंतू तोडत राहतं. असं पान कोपऱ्यातून मुडपून उलटलं की तुकडा हातात. पानाच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली बोटं सरकवा, दुसरा हात पानाच्या मध्याखाली, आणि पूर्ण पान आधार देत उलटा. पुस्तक टेबलावर सपाट उघडू नका. दोन्ही बाजूंना घडी घातलेला टॉवेल किंवा दुसरी पुस्तकं लावून साधारण काटकोनापेक्षा थोडं जास्त, एवढंच उघडा.

पान फाटलेलं दिसलं तर चिकटपट्टी लावायचा मोह आवरा. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो, कागदात मुरतो, आणि मग तो काढायला दुरुस्ती करणाऱ्यालाच घाम फुटतो. तुकडा सुटलाच तर कोऱ्या कागदात गुंडाळून त्याच पानात ठेवा आणि सांगा. लपवू नका.

पाठकोरा
पांढरे सुती हातमोजे घालावेत ना जुन्या पुस्तकाला?

वाळवीचा_वैरी
कागदाला नको. मोज्यात बोटांना स्पर्श कळत नाही, कापडाचे धागे फाटक्या कडेत अडकतात, आणि पान आणखी फाटतं. साबणाने धुतलेले, पूर्ण कोरडे हात सगळ्यात बरे, तेल किंवा क्रीम न लावलेले. मोजे फोटो, निगेटिव्ह आणि धातूच्या वस्तूंसाठी. थुंकी लावून पान उलटणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही.

पानांवर काळपट-हिरवट मखमली ठिपके आणि कुबट वास असेल तर ती बुरशी. हवेतली आर्द्रता बराच काळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की ती धरते. झटकू नका, फुंकर मारू नका, बीजाणू तुमच्या नाकात आणि शेजारच्या पुस्तकांवर जातात. मिटवून, कर्मचाऱ्यांना सांगून वेगळं ठेवायला लावा. दम्याचा त्रास असेल त्यांनी अशा पुस्तकापासून लांबच राहावं.

उलट_टपाल
वर्तमानपत्रांच्या बांधीव फायलींबद्दल वेगळं सांगायला हवं, त्यांचं गणित पुस्तकांपेक्षा निराळं आहे.

फाइल एकट्याने उचलू नका. अंकांचा आकार मोठा, वजन जास्त, आणि ती बहुधा सगळ्यात खालच्या कप्प्यात आडवी रचलेली. वरच्या फायली आधी एकेक करून उतरवायच्या, मग हवी ती घ्यायची. मधूनच खेचली की तिची पाठ गेली. उघडायच्या आधी पाठीवरचं महिना-साल बघा, आणि आतला पहिला व शेवटचा अंक ताडून घ्या. बांधणाऱ्याने चुकीचा महिना लिहिणं, मधले अंक गळणं, पुरवण्या वगळणं, सगळं चालतं.

तारखेचा घोटाळा जुन्या छापील मजकुरात ठरलेला. शके दिलेलं असेल तर चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनाअखेरपर्यंत ७९. मार्गशीर्ष शके १८२० म्हणजे १८९८ चा शेवट, पण माघ शके १८२० म्हणजे १८९९. पौष दोन इंग्रजी वर्षांत पडतो, तिथे तिथी-वार जुळवूनच खात्री करा. एक वर्ष चुकलं की तुम्ही भलतीच फाइल मागवून तास घालवता.

बातमी शोधायची तर घटनेच्या दिवसाचा अंक नको. पूर्वी छोट्या गावातली बातमी पोचायला, छापायला वेळ लागे, साप्ताहिकात तर आठवडा-दोन आठवडेही. घटनेनंतरचे दोन-तीन अंक तरी उलटा. आणि वर्षश्राद्ध, पंचविसावं वर्ष अशा तारखांचे अंक बघा. मूळ बातमीपेक्षा तपशील कधीकधी तिथे जास्त मिळतो, फक्त तो आठवणीतून लिहिलेला आहे हे ध्यानात ठेवून.

बांधीव फाइल झेरॉक्सच्या काचेवर पालथी घालायची नाही. पाठ मोडते, आणि शिवणीजवळचा रकाना काळाच येतो. फोटोच काढा.

नवखा_वाचक
फोटो काढायची परवानगी मिळाली तर कसे काढावेत? माझे नेहमी वाकडे येतात.

उलट_टपाल
फ्लॅश बंद. खिडकीचा उजेड डाव्या किंवा उजव्या बाजूने घ्या, पाठीमागून घेतला तर तुमचीच सावली पानावर पडते. फोन पानाला समांतर धरा. पुस्तक अर्धवट उघडं असल्याने पान तिरकं असतं, तेव्हा फोनही तितकाच तिरका करा. आधी सगळी उजवी पानं, मग सगळी डावी, म्हणजे दर पानाला कोन बदलावा लागत नाही. पृष्ठक्रमांक फोटोत यायलाच हवा, नाहीतर नंतर क्रम लावताना डोकं फिरतं.

पहिला फोटो पुस्तकाचं नाव नि दाखल क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठीचा, दुसरा शीर्षकपानाचा, तिसरा त्याच्या मागच्या बाजूचा. आवृत्ती, मुद्रक, साल हे त्या मागच्या बाजूला असतं आणि घरी आल्यावर नेमकं तेच हवं असतं. जागेवरून उठण्याआधी एक फोटो मोठा करून शिवणीजवळची अक्षरं वाचता येतात का बघा.

दाखलवही
हक्कांचंही सांगून ठेवतो. भारतात लेखक हयात असताना प्रकाशित झालेल्या साहित्यकृतीवर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतो, ही वर्षं पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. अनेक देशांत हा काळ ७० वर्षं आहे. म्हणजे पुस्तक जुनं असणं पुरत नाही, लेखक कधी वारले ते बघावं लागतं. आणि हक्क संपलेला असला तरी फोटो काढू द्यायचे की नाही हा वाचनालयाचा नियम, ती वेगळी गोष्ट. दोन्ही एकमेकांत मिसळून काउंटरवर वाद घालू नये.

कपाट_सातवं
एक राहिलं होतं. बोधांकात आकड्यांऐवजी अक्षरं, स्वल्पविराम, विसर्गासारखी दोन टिंबं दिसली तर ती भारतीय ग्रंथालयतज्ज्ञ रंगनाथनांची कोलन पद्धत, १९३३ सालची. ती आता कमी ठिकाणी दिसते, पण काही जुन्या संग्रहांत आहे. तिच्यात साहित्यिकाची जागा त्याच्या जन्मसालावरून ठरते. इंग्रजी नाटककार शेक्सपिअर म्हणजे ओ१११,२जे६४. ओ साहित्य, १११ इंग्रजी, २ नाटक, जे म्हणजे पंधराशेचं शतक, ६४ म्हणजे १५६४. एकदा उलगडलं की मजा येते, पण पहिल्या दिवशी ग्रंथपालांनाच विचारा. वाचकाचा वेळ वाचवा, हे रंगनाथनांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र. ते सांगून विचारलंत तर बरेच जण हसून उठतातसुद्धा.

पानखूण
बंद कपाटांबद्दल एक भर. वाचकाला आत सोडत नाहीत तिथे मागणीपत्र भरावं लागतं. एकेक पत्र देत बसू नका, चार-पाच एकदम द्या आणि कोणतं आधी हवं ते क्रमांक घालून सांगा. पत्रावर बोधांकासोबत दाखल क्रमांकही लिहा. एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या असतील तर बोधांक सारखा असू शकतो, दाखल क्रमांक कधीच नाही. आणि शेवटची मागणी किती वाजेपर्यंत घेतात ते सकाळीच विचारून ठेवा, बंद होण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी ती थांबते.

नवखा_वाचक
सगळ्यांचे आभार, वहीत उतरवून घेतलंय. शेवटचा प्रश्न: वाचून झाल्यावर पुस्तक जागेवर लावून यावं का?

दाखलवही
लावू नका. टेबलावरच राहू द्या किंवा काउंटरवर द्या. एक तर अनोळखी कपाटात चुकीच्या जागी लावलं जाण्याची शक्यता मोठी, आणि तसं लागलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. दुसरं, बरीच वाचनालयं दिवसअखेर टेबलावरची पुस्तकं मोजून ‘जागेवर वाचलेली’ म्हणून नोंदवतात. तुम्ही परत लावलंत तर त्या पुस्तकाला त्या दिवशी कुणी हात लावलाच नाही, अशी नोंद होते. पुढे कपाटं रिकामी करायची वेळ आली की हीच नोंद बघून कोणती पुस्तकं काढायची ते ठरवतात.

वाळवीचा_वैरी
आणि खुणेच्या पट्ट्या काढून घ्या. सगळ्या. मोजून घातल्या असतील तर मोजून.